आत्येची शेळी आणि पंचवीस किलोंची गोणी

शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, ही गोष्ट दीपक शितपांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजली आणि त्या दिवसापासून त्यांचं घरात मन लागेना. मांजराची बाहुली उभी, माणसाची गोल. आडवी बाहुली घेऊन ही बाई नक्की कुणाकडे बघते आहे, हे कळायला काही मार्गच नाही. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर ती पोर्चमध्ये स्कूटरशेजारी उभी. रवंथ करत ती त्यांच्याकडे बघे, किंवा त्यांच्या मागच्या भिंतीकडे, किंवा दोन्हीकडे एकदम. दीपकराव दूधवाल्याशी दाराच्या फटीतूनच व्यवहार करू लागले होते.

शेळीचं नाव शेवंती आणि ती चिमाआत्येची. चिमाआत्ये म्हणजे दीपकरावांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय बहात्तर. राहायला संगमेश्वरकडच्या एका वाडीत, जिथे अकरा घरांपैकी चारच घरांत आता चूल पेटते, बाकीची मुंबईला गेली. आत्येच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन रत्नागिरीत करायचं ठरलं, राहायचं शहराला लागूनच नाचण्याला, दीपककडे ठरलं, तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी आत्येने फोन केला. "बाला, माजं ठरलं सगळं. पन शेवंतीचं काय?"

वाडीत शेवंतीला सांभाळणारं कुणी नव्हतं. आत्येचा मुलगा रितेश विरारला, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा ज्या टेम्पोतून आत्ये आली, त्याच टेम्पोतून मागच्या बाजूला फणसाच्या पाल्याचे दोन भारे आणि शेवंती आली. कॉलनीत कुत्री होती, मांजरं होती, एका घरी पोपटही होता. शेळी पहिलीच.

इथवर दीपकराव नुसते बिचकलेले होते. भीती म्हणतात ती सुरू झाली डोळ्यांच्या दवाखान्यात. ऑपरेशन झाल्यावर सिस्टरने त्यांच्या हातात एक छापील कागद दिला. वाकू नये, जड उचलू नये, डोळा चोळू नये, डोळ्याला पाणी लागू देऊ नये. आता दीपकराव हे सरकारी कचेरीतले वरिष्ठ लिपिक. छापील शब्दाचा अर्थ ताणला तर कुठवर जातो, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"पाणी म्हणजे बाहेरचंच ना?" त्यांनी विचारलं. "की आतलंसुद्धा?"

सिस्टरच्या हातात आणखी सहा कागद होते. "पाणी म्हणजे पाणी हो. आठ दिवस जपा."

दीपकरावांनी घरी येऊन तो कागद भिंतीवर चिकटवला आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लाल शाईने एक कलम वाढवलं : 'रडणे – सक्त मनाई.' मग ते पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी विचार केला. विचार करणं ही त्यांची जुनी खोड. त्यातून आजवर चांगलं असं काही निघालेलं नाही. आत्ये रडेल कशाने? शेवंतीला काही झालं तर. म्हणजे शेवंतीला काही झालं, की आत्ये रडणार. रडली, की डोळ्यात पाणी येणार. पाणी आलं, की डोळा जाणार. डोळा गेला, की विरारहून रितेश येणार. आणि मग पुढच्या गणपतीत, आरती संपल्यावर, सगळी भावकी जमलेली असताना कुणीतरी सावकाश म्हणणार, "आत्येचा डोळा दीपकने घालवला." हे वाक्य त्यांना ऐकूही आलं. कुणाच्या आवाजात तेसुद्धा कळलं.

त्या दिवसापासून शेळीचं आयुष्य ही दीपकरावांची जबाबदारी झाली. त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'घरातील वयस्कर व्यक्तीची शुश्रूषा'. शेवंतीचं वय त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे हे पूर्ण खोटं होतं असंही म्हणता येणार नाही.

पाल्याचे भारे दोन दिवसांत संपले. तिसऱ्या दिवशी शेवंतीने शेजारच्या सखारामनानांची जास्वंद खाल्ली, दारातल्या पायपुसण्याचा कोपरा खाल्ला आणि वर्तमानपत्राचं जाहीर नोटिसांचं पान तेवढं निवडून खाल्लं. सखारामनाना एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "शितप, तिला खायला घालता की नाही?" प्रश्न साधाच होता, पण अर्ध्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलेला.

"अहो, शेळीचं खाद्य दुकानात मिळतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. ज्ञानेश्वरी ही त्यांची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिलीच्या पन्नास पोरांना बावीस वर्षं सांभाळल्यामुळे तिला कसलीच भीती उरली नव्हती. "जाऊन आणा. मला शाळेला उशीर होतोय."

बंडबे पशुखाद्य भांडार हे दुकान दीपकरावांनी हजार वेळा बाहेरून पाहिलं होतं. आत शिरायची वेळ प्रथमच आली. आत छतापर्यंत गोण्या. पेंडीचा, कोंड्याचा आणि कसल्यातरी औषधाचा मिळून एक दाट वास. वर दावी, घुंगुरमाळा, कोंबड्यांना पाणी ठेवायची लाल-पांढरी भांडी टांगलेली. एका कोपऱ्यात गुलाबी विटा रचलेल्या. त्या जनावरांनी चाटायच्या असतात, हे त्यांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना वाटलं, दुकानाचं काम काढलंय. काट्यामागे आवडाबाई बंडबे बसल्या होत्या. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि समोरच्याला घाई आहे याची बिलकूल घाई नसलेल्या.

"काय देऊ?"

"शेळीचं जेवण."

मागे रांगेत दोन गडी होते. त्यांतला एक खोकला. "खाद्य," दीपकरावांनी दुरुस्ती केली.

"गाभण हाय, दुभती हाय, की भाकड?"

दीपकरावांनी वर टांगलेल्या घुंगुरमाळांकडे पाहिलं. आवडाबाईंनी पुढचा प्रश्न घेतला. "बरं, दात किती?"

"दात आहेत."

"आहेत ते झालं. दोन दाती, चार दाती, की पुरी झाली?"

"साधारण सगळे असावेत."

"वजन?"

"माझ्या कमरेपर्यंत येते."

मागचा गडी पुन्हा खोकला. दीपकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षं ते काउंटरच्या पलीकडे बसत आले होते. जन्मतारीख, साक्षांकित प्रत, मूळ प्रत, वडिलांचा दाखला हे प्रश्न ते विचारत आणि समोरचा असाच लाल होई. काउंटरची ही बाजू इतकी उघडी असते, याची त्यांना कल्पना नव्हती.

"शेळ्या किती हायत?" आवडाबाईंनी विचारलं.

आता खरं उत्तर एक. पण त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाने चाळीस जनावरांचं खाद्य नेलं होतं. चार प्रश्नांत चार वेळा अब्रू गेली होती. पाचव्यांदा 'एक' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "तीन."

का, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

"तीन हायत, तर सुट्टं काय नेता? पंचवीस किलोची गोळी पेंडीची गोणी न्या. रोज हेलपाटे नकोत." आवडाबाईंनी गोणीवर थाप मारली. "मात्र एक ध्यानात ठेवा. सवय नसली तर जनावराला मूठभरच. शंभर ग्रॅम. हळूहळू वाढवा. एकदम पोटभर खाल्लं तर पोट फुगतं आणि दोन-चार तासांत जनावर जातं."

"जातं म्हणजे?"

आवडाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "जातं म्हणजे जातं."

"पण हे गोणीवर लिहिलेलं दिसत नाही."

"सगळं गोणीवर लिहिलं, तर मी कशाला बसले हितं?"

स्कूटरवर पायांपाशी गोणी ठेवून दीपकराव जे निघाले, ते सबंध रस्ताभर 'जातं म्हणजे जातं' हेच शब्द ऐकत आले. घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर बरोबर शंभर ग्रॅम गोळ्या मोजल्या. दोन गोळ्या जास्त झाल्या, त्या परत गोणीत टाकल्या. शेवंतीने त्या शंभर ग्रॅम गोळ्या दीड मिनिटात संपवल्या आणि गोणीकडे पाहिलं. निदान गोणीच्या दिशेने पाहिलं. बाहुली आडवी असल्यामुळे खात्री देता येत नव्हती.

गोणी पोर्चमध्येच ठेवली होती. आत ठेवायला ज्ञानेश्वरीचा विरोध होता, वासामुळे. तोंड सुतळीने बांधलं होतं. शेवंतीही खांबाला बांधलेली होती, पण तिला बांधायचं काम दीपकरावांचं. ते हात लांबवून, मान मागे घेऊन, डोळे अर्धवट मिटून गाठ मारत. गाठ बघणाऱ्याला गाठ वाटे. शेवंतीला ती तशी कधीच वाटली नसावी.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला आत्येच्या डोळ्यात थेंब घालून दीपकराव बाहेर आले, तर शेवंतीला डोकंच नव्हतं. डोकं गोणीत होतं. सुतळी जमिनीवर, दावं जमिनीवर, आणि गोणीच्या आतून करकर करकर असा एका लयीत आवाज येत होता.

त्यांनी तिला ओढून काढलं कसं, ते त्यांना आठवत नाही. आठवतं ते पुढचं. किती खाल्लं, हे कळायलाच हवं होतं. त्यांनी बाथरूममधला वजनकाटा आणला, गोणी कवेत घेऊन त्यावर उभे राहिले, मग गोणीशिवाय उभे राहिले आणि वजाबाकी केली. एकदा शेवंतीने तीन किलो खाल्लेलं निघालं. दुसऱ्यांदा सव्वा किलो. तिसऱ्यांदा उणे चारशे ग्रॅम, म्हणजे तिने उलट गोणीत भर घातली होती. तिन्ही आकड्यांतला कुठला खरा, यावर एका माणसाचा डोळा अवलंबून होता.

दोन वाजता शेवंती रवंथ करायची थांबली. अडीचला ती पाय ताणून उभी राहिली आणि दात खाऊ लागली. डावी कूस वर येत चालली होती, हळूहळू, एखाद्या फुग्यात कुणी लांबून फुंकर घालावी तशी. ज्ञानेश्वरी शाळेतून आली, तिने शेवंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पर्स खांद्यावरून न काढता म्हणाली, "दवाखान्यात न्या. मी आत्यांपाशी बसते."

"त्यांना कळता कामा नये."

"माझ्याकडून कळणार नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कळेल. लवकर निघा."

कॉलनीच्या तोंडाशी भावेशची रिक्षा असते. भावेश मिरकरवाड्याचा, घरची होडी आहे, पण समुद्र लागतो म्हणून रिक्षा चालवतो. दीपकरावांनी त्याला शेवंतीचं पोट दाखवलं आणि काय वाटतं म्हणून विचारलं. घाबरलेला माणूस कुणालाही विचारतो.

"मासा असता तर कल्ले उघडून सांगितलं असतं," भावेश म्हणाला. "हिच्यातलं माला कळत नाय, काका. पण बसा तुम्ही. तिला शीटवर बसवली तरी चालेल, घाण केलीन तर नंतर बघू."

मागच्या शीटवर दीपकराव आणि शेवंती खांद्याला खांदा लावून बसले. प्रत्येक गतिरोधकाला ती कण्हे. मग दीपकराव कण्हत. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने त्यांना ओळखलं आणि ओळख न दाखवता काच वर केली.

जनावरांच्या दवाखान्यात टेबलामागे एक शांत गृहस्थ बसले होते. त्यांनी शेवंतीचे दोन्ही कान पाहिले.

"बिल्ला नाही. बारा आकडी नंबर असतो ना, कानातला."

"पोट फुगलंय हो तिचं."

"दिसतंय मला. पण नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

कॉम्प्युटर पुढे जात नाही, हे शब्द दीपकरावांनी स्वतः आजवर किती जणांना ऐकवले असतील, त्याला गणती नाही. त्यांच्या तोंडून ते नेहमी बरोबर वाटत आले होते.

"नवीन नोंद करतो," गृहस्थ म्हणाले. "मालकाचं नाव, आधार, मोबाइल. मोबाइलवर ओटीपी जाईल."

मालक म्हणजे चिमाआत्ये. मोबाइल आत्येच्या उशाखाली. दीपकरावांनी ज्ञानेश्वरीला फोन लावला आणि तोंडावर हात धरून सांगितलं. पलीकडे थोड्या वेळाने टुंग असं वाजलं, आणि आत्येचा आवाज आला, "काय वाजलं गो?"

"कंपनीचा मेसेज आहे, आत्या."

"काय म्हंतत?"

"रिचार्ज करा म्हणतात," असं म्हणून ज्ञानेश्वरी गॅलरीत गेली आणि तिने सहा आकडे कुजबुजले. त्यातल्या सहाचं दीपकरावांनी नऊ ऐकलं. पुन्हा ओटीपी, पुन्हा टुंग, पुन्हा आत्येचं "काय वाजलं गो". शेवटी कागद निघाला. दीपकराव तो दोन्ही हातांत धरून म्हणाले, "डॉक्टर?"

"डॉक्टर पावस गावाकडे गेलेत. म्हैस अडलेय एकाची. संध्याकाळ होईल."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही केस पेपर मागितलात," गृहस्थ म्हणाले.

दीपकरावांना राग आला असता, पण त्यांनीही हेच उत्तर दिलं असतं. ते तसेच उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, हातात कागद, बगलेत शेवंतीची मान. त्या गृहस्थांना काय वाटलं कोण जाणे. उठून जवळ आले, कुशीवर बोट दाबून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबू नका. बंडब्यांच्या आवडाबाईंकडे न्या. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आवडाबाई दुकानातून बाहेर आल्या. रिक्षातच त्यांनी शेवंतीच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली. ढोलक्यासारखा आवाज आला.

"किती खाल्लंन?"

"तीन किलो. किंवा सव्वा."

"आणि बाकीच्या दोघी?"

दीपकरावांना आधी समजलंच नाही.

"तीन सांगितल्यात ना? गोणी फुटली असली, तर तिघींनी खाल्लं असणार. त्या कुठं हायत? त्यांना पण आणा, भाऊ."

फुटपाथवर चार माणसं जमली होती. भावेश आरशातून बघत होता. "बाकीच्या नाहीत," दीपकराव म्हणाले. "एकच आहे. मी खोटं बोललो."

आवडाबाईंनी कारण विचारलं नाही, आणि त्या विचारतील म्हणून दीपकरावांनी मनात जी तीन वाक्यं जुळवली होती, ती तशीच वाया गेली. त्या आत गेल्या, बाटलीत गोडं तेल आणि खायच्या सोड्याचं पाणी घेऊन आल्या आणि शेवंतीच्या गालाच्या कोपऱ्यातून अगदी घोट घोट करून पाजलं. मग कडुलिंबाची बोटभर जाड काठी तिच्या तोंडात आडवी घालून दोन्ही टोकं दोरीने शिंगांना बांधली. शेवंती ती काठी चघळू लागली. सकाळी दात घासताना दारात उभं राहिलेल्या माणसासारखी दिसत होती.

"आता हिला फिरवायची. बसू द्यायची नाय. पाणी नको, पाला नको. कूस चोळत ऱ्हायची. ढेकर दिलान की वाचली."

"आणि नाही दिला तर?"

आवडाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसून झाल्यावर डोळ्यांवर चढवला. "फिरवा तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

मग नाचण्याच्या त्या कॉलनीने पुढचा दीड तास जे पाहिलं, ते तिथे अजून बोलण्यात निघतं. वरिष्ठ लिपिक दीपक शितप, अंगात ऑफिसची पँट, एका हातात शेवंतीचं शिंग, दुसरा हात तिच्या कुशीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पाच दिवस ज्या जनावराशी ते हातभर अंतर ठेवून वागले, त्याच्या अंगाला ते आता चिकटून चालत होते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष कानांत होतं. शेवंती शिंकली, तर ते थांबत. खोकली, तर थांबत. मागून एक स्कूटर फटकन वाजली, तेव्हा त्यांना वाटलं पोटच फुटलं, आणि ते रस्त्यातच मटकन बसले. शेवंती उभीच होती. तिनेच त्यांना उठवलं म्हणायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ओवा द्या, ताक द्या, हिंग लावा. कोपऱ्यावरच्या रुचिरावहिनींनी मीठमोहरी आणून दृष्ट काढली, पण शेवंतीची की दीपकरावांची, ते त्यांनी सांगितलं नाही. सखारामनाना काही न करता कुंपणाशी उभे राहून मोबाइलवर बोट फिरवत होते. आपण काहीतरी केलं पाहिजे असं त्यांनाही वाटत होतं, म्हणून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर मजकूर टाकला : 'शितपांकडील गावच्या पाहुण्यांची प्रकृती गंभीर. पोट फुगले आहे. दवाखान्यात डॉक्टर नाहीत. फिरवणे चालू आहे. तोंडात काठी दिली आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.'

हा मजकूर कॉलनीतून गावच्या ग्रुपवर आणि तिथून विरारला जायला अकरा मिनिटं लागली. दीपकरावांचा फोन वाजला.

"दादा," रितेशचा आवाज फाटला होता, "आईच्या तोंडात काठी कशाला दिलीत?"

दीपकरावांनी एका हाताने शिंग आणि दुसऱ्याने फोन धरून सगळं सांगितलं. आई ठीक आहे, आत पडलेली आहे, आजारी आहे ती शेवंती. रितेश सुटल्यासारखा हसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो हसला नाही.

"शेवंती?" मग तो हळू म्हणाला. "आईला कळलंय?"

"नाही."

"कळू देऊ नको, दादा. बाबा गेल्यापासून ती घरात बोलते ती तिच्याशीच. मी दर रविवारी फोन करतो ना, तर अर्धा वेळ ती मला शेवंतीचंच सांगते." आणि लगेच म्हणाला, "मी निघू का?"

"तू येऊन काय करणार?"

"काय नाय. पण इथं बसवणार नाही."

फोन ठेवून दीपकरावांनी पुन्हा शेवंतीची कूस चोळायला घेतली. गणपतीतली भावकी, आरतीनंतरचं ते वाक्य, हे सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. आता त्यांना दिसत होती चार चुलींची वाडी, आणि आत्ये एकटी दाराशी बसलेली, बोलायला कुणी नाही. ही भीती त्यांच्या ओळखीची नव्हती. आजवरच्या प्रत्येक भीतीच्या मध्यभागी ते स्वतः असत.

ऊन उतरलं. शेवंतीचे पाय आता ओढले जात होते. घराच्या फाटकाशी ती थांबली आणि पुढे येईना. दीपकराव तिच्या कुशीवर मूठ दाबत राहिले. कातडं इतकं ताणलं होतं, की बोट रुतेना.

"आन तिला हिकडं."

दारात आत्ये उभी होती. काळा चष्मा, एक हात चौकटीवर, मागे ज्ञानेश्वरी तिचा दंड धरून. ज्ञानेश्वरीने मान हलवून सांगितलं, माझं चाललं नाही.

"आत्ये, तू आत जा," दीपकराव म्हणाले. "तुला वाकायचं नाहीये. तू आधी आत जा."

"मी कुटं वाकतंय? खुर्ची दे माला. तिलाच वर कर."

खुर्ची आली. आत्ये ताठ बसली, मान सरळ, सिस्टरने सांगितली होती तशी. दीपकरावांनी आणि भावेशने शेवंतीचे पुढचे पाय उचलून आत्येच्या मांडीवर ठेवले. आत्येने काठी तोंडात जरा मागे सरकवली, हात चाचपत कुशीवर नेला आणि मुठीने खालून वर, खालून वर, असं दाबायला सुरुवात केली. घाई नव्हती. जात्यावर दळावं तसा तो हात फिरत होता. मधेच ती शेवंतीला काहीतरी सांगे, ते दुसऱ्या कुणाला कळण्यासारखं नव्हतं. फाटकाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. सखारामनानांनी मोबाइल खिशात घातला.

आधी गुरगुर झाली, लांब कुठेतरी. मग शेवंतीची मान पुढे ताणली गेली आणि ढेकर आला. तो छोटा नव्हता. लांबलचक, आंबूस, मधे एकदा थांबून पुन्हा चालू झालेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. आत्येच्या मुठीखालची कूस मऊ पडत गेली. भावेश नाकाला रुमाल लावून मागे सरकला. रुचिरावहिनी हात जोडून उभ्या होत्या. दीपकराव मात्र तोंड त्या वासातच ठेवून उभे राहिले. त्यांना तो हवा होता.

माणसं पांगली. पायरीवर दीपकराव बसले, शेवंती त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि थोड्या वेळाने ती रवंथ करू लागली.

"तुला कधी कळलं?" त्यांनी आत्येला विचारलं.

"दुपारीच. दोन वाजलं की ती पाल्याला वरडते. वरडली नाय. मंग तो कंपनीचा मेसेज दोनदा आला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोललं असतं तर माला रडू आलं असतं." आत्येने काळा चष्मा त्यांच्या बाजूला वळवला. "माला रडताना बघून तू घाबरला असतास, बाला. तू ल्हानपनापास्नं तसाच. म्हटलं, तो करतोय ना तिचं, करू दे. मी पडून ऱ्हायलं, उशी दातात धरून."

ज्ञानेश्वरी दारातच उभी होती. आत्येने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आता रडू काय रे थोडी?" तिने विचारलं. "का आठ दिस थांबायला पायजे?"

हा निर्णय स्वतःच्या अखत्यारीतला नाही, हे दीपकरावांना ताबडतोब समजलं. त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तीच सिस्टर होती.

"पेशंट चिमाबाई," ते म्हणाले. "सोमवारचं ऑपरेशन. डोळ्यातून पाणी आलेलं चालेल का?"

"डोळा लाल झालाय? दुखतोय?"

"नाही. पेशंटला रडायचं आहे."

"काय झालं?"

"शेळीला ढेकर आला."

"शेळीला?" सिस्टरने विचारलं. मग फोनवर हात ठेवून ती कुणाशी तरी बोलली. परत आली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "येऊ दे पाणी. त्याने काही होत नाही. फक्त चोळायचा नाही. स्वच्छ कापसाने गालावरच टिपायचं."

"किती वेळ?"

"किती वेळ म्हणजे?"

"म्हणजे, काही मर्यादा?"

"तुम्ही कापूस जवळ ठेवा, काका," सिस्टर म्हणाली.

ज्ञानेश्वरीने कापूस आणला आणि बोळे करायला बसली. आत्ये खुर्चीत ताठ बसून, एक हात शेवंतीच्या पाठीवर ठेवून रडली, आवाज न करता. चष्म्याखालून पाणी गालावर आलं की दीपकराव टिपत, डोळ्यापासून चांगलं दोन बोटं लांब. आत्येला चार बोळे लागले. पाचवा ज्ञानेश्वरीने नवऱ्याच्या हातात दिला, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी, आणि गोणीचं तोंड आवळून ती फरफटत आत घेऊन गेली.